ओळखीचं दुखणं : जबड्याच्या पेशंटची मान हाताळताना

दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते : ‘टीएमडी. दातांचं काही नाही. फिजिओ द्यावी.’ टीएमडी म्हणजे जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू यांचं दुखणं. समोर काकू उजवा गाल धरून बसलेल्या. एक दाढ काढून झालेली, शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल झालेलं, दुखणं होतं तिथंच. तुम्ही नुकतीच इंटर्नशिप संपवून ओपीडीत बसायला लागलेले. जबड्याच्या पेशंटची मानही बघायची असते हे कॉलेजात कुठेतरी कानावर पडलेलं, म्हणून तुम्ही उठून त्यांच्या मागे जाता आणि मान चाचपायला लागता. काकू विचारतात, ‘अहो, दुखतंय इथं आणि तुम्ही तिथं काय बघताय?’

या प्रश्नाचं नीट उत्तर देता येईपर्यंत मानेला हात लावू नये, असं माझं मत आहे. माझं क्लिनिक एका डेंटल कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे असे पेशंट रोजचेच. पुढचं सगळं नव्या फिजिओथेरपिस्टसाठी लिहिलंय. पेशंटनी वाचायला हरकत नाही, पण त्यांनी स्वतः करायचं ते फक्त शेवटच्या ‘घरी’ भागातलं.

काकूंना काय सांगायचं

चेहरा आणि जबड्याची संवेदना ट्रायजेमिनल नर्व्हमधून जाते. ही नर्व्ह मेंदूच्या देठात शिरते, पण तिचं दुखण्याचं केंद्र तिथं संपत नाही. ते खाली उतरत उतरत मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत येतं. मानेच्या वरच्या तीन नर्व्ह, म्हणजे सी १, सी २ आणि सी ३, आपल्या दुखण्याची खबर घेऊन तिथंच पोचतात. दोन बिऱ्हाडांना मिळून एकच बेल असावी तसं हे आहे. बेल वाजते, पण पाहुणा कुणाकडे आलाय ते आतल्या माणसाला कळत नाही.

त्यात मानेच्या काही स्नायूंना आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची सवय असते. कानामागून गळ्याच्या खळीपर्यंत तिरका उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड (पुढे एससीएम म्हणते) गालात, कपाळावर, डोळ्याभोवती, कानात दुखणं पाठवतो. खांद्यावरचा वरचा ट्रॅपेझियस मानेच्या कडेने चढून कानशिलात आणि जबड्याच्या कोनात दुखवतो. काकूंना एवढं सगळं सांगायचं नसतं. मी म्हणते, ‘काकू, गाल आणि मानेची वरची बाजू यांच्या तारा आत एकत्र येतात. मी मान दाबून बघते. तुमचं गालातलं दुखणं त्यानं जागं झालं, तर मानेवर काम करू. नाही झालं, तर मानेला सोडून देऊ.’

याला पुरावा किती, हेही माहीत असू द्या. २००९ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असलेल्या १९ जणांवर ५ आठवड्यांत १० वेळा फक्त मानेचे उपचार केले. दुखणं कमी झालं, न दुखता तोंड जास्त उघडायला लागलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१९ साली ब्राझीलमध्ये ६१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तुलनेचा गट होता, आणि तिथंही मानेच्या उपचारांनी चेहऱ्याचं दुखणं आणि डोकेदुखीचा जाच कमी झाला. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली जुनाट टीएमडीसाठी मार्गदर्शक शिफारशी आल्या. त्यात ट्रिगर पॉइंटवर (स्नायूतल्या दुखऱ्या, आवळलेल्या जागेवर) हाताने उपचार, जबड्याचं मोबिलायझेशन (सांधा हाताने हळूहळू हलवणं), देखरेखीखाली केलेले जबड्याचे आणि पोश्चरचे व्यायाम, मनोपचार यांना भक्कम पाठिंबा आहे. म्हणजे हात लावण्याला आधार आहे. पण ‘मान पुढे आलीय म्हणून जबडा बिघडला’ असं छातीठोक सांगण्याएवढा आधार नाही, आणि आपल्याकडे ते फार सहज सांगितलं जातं. पेशंट घरी जाऊन आरशात मान बघत बसतो आणि दात आणखी आवळतो.

आधी तोंडात बघा

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिशीतला एक रिक्षावाला दादा आला होता. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, मान दगडासारखी घट्ट. मी पाच सिटिंग मानेवर आणि गालावर काम केलं. मान सुटली, तोंड मिलिमीटरभरही हललं नाही. सहाव्या दिवशी एका सीनियर दंतवैद्याने मोबाइलचा टॉर्च लावून त्याचा गाल आतून बाजूला ओढला. आतला भाग पांढुरका पडलेला, बोट फिरवलं की दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागत होते. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारी-गुटख्याने गालाचं आतलं अस्तर कडक होत जाणं. जेवताना तिखट लागलं की आग होते, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. त्यामुळे तोंड कमी उघडणाऱ्या प्रत्येक पेशंटला, बाईमाणूस असो वा कॉलेजचा मुलगा, सुपारी, मावा, गुटखा, मिश्री यांतलं काय काय चालतं ते नाव घेऊन विचारा. ‘काही व्यसन आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येतं, कारण सुपारीला कोणी व्यसन मानत नाही. मग ग्लव्ह घाला, टॉर्च लावा, गाल आतून बघा. या आजारात पुढे कॅन्सरची भीती असते. तो पेशंट आधी तोंडाच्या डॉक्टरांचा, मग आपला.

बाकीच्या धोक्याच्या खुणा थोडक्यात. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो : हृदय. पन्नाशीच्या पुढे नव्याने कानशील दुखतंय, चावता चावता जबडा भरून येतो, केस विंचरताना डोकं हुळहुळतं, नजर अंधुक होते : धमनीला सूज असू शकते, त्याच दिवशी पाठवा, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभर कळ : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या त्या नर्व्हचंच दुखणं. ताप, गालावर सूज, अक्कलदाढेभोवती पू : दंतवैद्य. मानेत न दुखणारी, टणक, वाढत जाणारी गाठ : ताबडतोब डॉक्टर. जखम झालीय आणि जबडा कुलूप लागल्यासारखा बसलाय : धनुर्वात आहे का ते बघायला थेट हॉस्पिटल.

मानेसाठी वेगळे प्रश्न आहेत. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, चालताना तोल जाणं, चेहऱ्याला बधिरपणा. अपघात झालाय का? संधिवात, म्हणजे गुडघेदुखी नव्हे, रुमॅटॉइड आहे का? त्यात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. ‘मान अशी आयुष्यात कधी दुखली नव्हती’ असं कोणी म्हणालं, तर हात मागे घ्या आणि आधी डॉक्टरांकडे पाठवा. आणि सलूनमध्ये मान मोडून घेता का, हे पुरुषांना जरूर विचारा. दाढीनंतरच्या डोक्याच्या मालिशीत ‘कट्ट’ करून देतात ते बंद करायला सांगा.

मोजा

मोजलं नाही तर मानेचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळणार नाही. शाळेतली प्लास्टिकची पट्टी पुरते. वरच्या मधल्या दाताच्या धारेपासून खालच्या दाताच्या धारेपर्यंत दोन आकडे घ्या : एक, दुखणं सुरू व्हायच्या आधी किती उघडतं. दोन, दुखलं तरी जास्तीत जास्त किती. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा थोडं जास्त उघडतं, म्हणजे त्याचीच तीन बोटं उभी बसतात. पहिला आकडा जास्त महत्त्वाचा.

मग जबड्याचे स्नायू. टीएमडीच्या निदानाचे २०१४ चे निकष सांगतात की गालावरचा मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस साधारण एक किलो जोराने दाबावा. एक किलो म्हणजे किती? घरातला डिजिटल वजनकाटा ओट्यावर ठेवा आणि तर्जनीने दाबून १००० ग्रॅम आणा. नख पांढरं पडतं, बोटाच्या पहिल्या पेऱ्यात जोर जाणवतो. वीसदा करा, मग आकडा न बघता करा. माझ्याकडे येणारी नवी मुलं पहिल्यांदा एकतर ४०० वर थांबतात नाहीतर थेट दोन किलोवर जातात. दाब दोन सेकंद द्या. दुखणं दुसरीकडे पसरतं का बघायचं असेल तर पाच सेकंद.

आणि दाबल्यावर ‘दुखतंय का?’ विचारू नका. एक किलोने दाबलं तर कोणालाही थोडं दुखेल. विचारायचं ते असं : ‘हेच का ते दुखणं? रोजचं? ओळखीचं?’ पेशंट एकतर म्हणतो, ‘दुखतंय, पण हे वेगळं’, नाहीतर त्याचे डोळे मोठे होतात आणि तो म्हणतो, ‘हां, हेच!’ या दोन उत्तरांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याला हे काम जमतं.

मानेला विचारा

पेशंटला उताणं झोपवून मान पूर्ण पुढे वाकवा आणि तशीच धरून दोन्हीकडे वळवा. मान वाकलेली असताना वळणं मुख्यतः पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं. ते प्रत्येक बाजूला साधारण ४४ अंश असतं. ३२ च्या खाली असेल, किंवा दोन बाजूंत ठळक फरक असेल, तर वरची मान आखडलीय असं समजा.

मग एससीएम, वरचा ट्रॅपेझियस आणि कवटीच्या तळाशी असलेले छोटे सबऑक्सिपिटल स्नायू, एकेक करून, दोन्ही बाजूंना. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न : ओळखीचं का? कुठेच ओळख पटली नाही, तर मान या दुखण्यात बघ्याच्या भूमिकेत आहे. तिला सोडा, जबड्यावर काम करा. हे करायला नव्या मुलांना जड जातं, कारण मानेचे हात नुकते शिकलेले असतात.

हात

तयारीच्या काही गोष्टी पुस्तकात नसतात. नखं कापलेली हवीत. अंबाडा, क्लचर काढायला सांगा, नाहीतर कवटीखाली बोटंच जात नाहीत. मंगळसूत्र काढा म्हणू नका, बऱ्याच जणी काढत नाहीत. ‘जरा पलीकडच्या बाजूला घ्या’ म्हणा. साखळी बोटाखाली आली की पेशंटला टोचतं आणि तुम्हाला वाटतं गाठ सापडली. तेल नको. पेशंटला मालिश अपेक्षित असते, पण तेलाने चिमटीतून स्नायू सुटतो. आणि मान, गळा, गाल यांना हात लावणार असल्याचं आधी सांगून होकार घ्या, विशेषतः पेशंट बाई आणि फिजिओ पुरुष असेल तेव्हा. घरचं कोणी सोबत थांबायला हरकत नाही.

सुरुवात सबऑक्सिपिटलपासून करा, कारण इथं पेशंटचा विश्वास बसतो. तुम्ही डोक्याशी स्टुलावर, कोपरं प्लिंथवर (पेशंटला झोपवायच्या बाकावर) टेकलेली. दोन्ही हातांची बोटं कवटीच्या काठाखाली उभी करा आणि डोकं त्यांच्यावर येऊ द्या. दाबायचं नाही. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, ते पुरेसं आहे. पहिला मिनिटभर पेशंट डोकं स्वतःच धरून ठेवतो. हे ओळखायचं कसं? त्याच्या डोळ्यांकडे बघा. तो इकडेतिकडे बघत असेल तर हे छोटे स्नायू तुमच्या बोटाखाली थरथरतात. डोळे मिटायला सांगा, दात सुटे ठेवायला सांगा. दीड-दोन मिनिटांनी डोकं अचानक जड होऊन हातात उतरतं. तेव्हा तुमचीही बोटं दुखायला लागलेली असतात. आणखी मिनिटभर थांबा, मग हळूच डोक्याच्या दिशेने अगदी हलकी ओढ द्या आणि सोडा.

एससीएमला मात्र घाई अजिबात नको. याच्या आत कॅरॉटिड धमनी आहे. ती थायरॉइड कूर्चेच्या (गळ्याच्या घाटीच्या) वरच्या काठाच्या पातळीवर दुभंगते, आणि तिथं दाब पडला तर नाडी मंद होऊन माणूस गरगरतो, क्वचित बेशुद्धही पडतो. म्हणून हा स्नायू दाबायचा नसतो, उचलायचा असतो. मान त्याच बाजूला थोडी कलती करा आणि तोंड किंचित विरुद्ध बाजूला वळवा, म्हणजे स्नायू सैल पडतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्याचा पट्टा धरून गळ्यापासून अलग, बाहेर घ्या. लेंग्याच्या नाडीचं बोटभर टोक धरावं, तेवढंच. चिमटीत ठोके लागले तर सोडून पुन्हा धरा. एका वेळी एकच बाजू. मधल्या भागापासून कानामागच्या हाडापर्यंत बोटभर अंतर सोडत वर जा.

कुठेतरी मध्येच जाड, दोरीसारखी जागा लागते. तिथं धरल्यावर काकू एकदम गप्प झाल्या आणि स्वतःचं बोट गालाच्या हाडावर ठेवून म्हणाल्या, ‘हे बघा, इथं आलं.’ मी हात त्यांच्या गालापासून वीतभर लांब मानेवर धरलेला. अशा जागी थांबायचं. दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, चिमूट तेवढीच ठेवायची आणि विचारत राहायचं. अर्ध्या मिनिटात किंवा मिनिटभरात गालातलं दुखणं विरायला लागतं. दीड मिनिटात विरलं नाही तर तुम्ही जास्त जोर लावलाय किंवा जागा चुकलीय. पेशंटला गरगरलं, मळमळलं, घाम आला, तर तिथंच थांबा, पाय उंच करा.

ट्रॅपेझियसलाही अशीच चिमूट, पण तो दणकट आहे, तिथं तुमची चूक खपून जाते. मानेच्या बाजूच्या स्केलीन स्नायूंकडे पहिली दोन-तीन वर्षं जाऊ नका. त्यांच्यामधून हाताच्या नर्व्हजचा जुडगा जातो. वरच्या मणक्यांचं हलकं मोबिलायझेशन शिकला असाल तर करा. झटका देऊन आवाज काढणं नव्या माणसाने करू नये. मीही करत नाही.

पुन्हा मोजा

उठवून बसवा, पट्टी घ्या, न दुखता किती उघडतं ते बघा, मॅसेटर पुन्हा एक किलोने दाबा. एक-दोन मिलिमीटरचा आनंद मानू नका, तेवढं पट्टी धरण्यातच मागेपुढे होतं. पाचाच्या वर फरक पडला, किंवा ‘आता दुखतंय, पण ते ओळखीचं नाही’ असं पेशंट म्हणाला, तर मानेचा वाटा खरा. दोन दिवस मान आंबल्यासारखी वाटेल हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर पेशंट दुसऱ्या दिवशी फोन करतो, ‘आधी गालच दुखत होता, आता मानही धरली.’

आठवड्यात दोन सिटिंग पुरतात. तीन-चार सिटिंगमध्ये आकडे जागचे हलले नाहीत तर तेच पुढे रेटू नका. पुन्हा तोंडात बघा, झोप विचारा, घरातला ताण विचारा.

घरी

हाताने सुटलेला स्नायू सवयीने पुन्हा आवळतो, म्हणून हा भाग. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथं टेकतं तिथं ते ठेवायचं. ओठ मिटलेले, दात सुटे. ‘ण’ नाही, त्याने जीभ मागे जाते. हे दिवसातून कितीदा? पेशंट विसरतोच, म्हणून मी खूण बांधून देते : कुकरची शिट्टी झाली की दात बघायचे. सिग्नलला थांबलं की दात बघायचे. आवळलेले असतील तर ‘न’.

दुसरा व्यायाम मानेच्या आतल्या स्नायूंचा. उताणं झोपून, डोकं न उचलता, नुसत्या नाकाने बारीक ‘हो’ म्हणायचं. क्लिनिकमध्ये महागडं यंत्र नसेल तर हाताने फुगवायच्या बीपीच्या यंत्राचा पट्टा घडी करून मानेखाली ठेवा, २० पर्यंत फुगवा, आणि ‘हो’ म्हणून काटा २२ वर दहा सेकंद धरायला सांगा. दहा वेळा. जमलं की २४. जबड्याच्या पेशंटची इथं एक ठरलेली लबाडी असते : काटा वर न्यायला तो दात आवळतो, नाहीतर एससीएम ताठ करतो. एक बोट गालावर ठेवूनच हा व्यायाम घ्या.

खाण्यात काही आठवडे ऊस, चकली, चिक्की, कडक पेरू बंद. भाकरी सोडायची गरज नाही, आमटीत कुस्करून खावी. पातळ पदार्थांवर महिना काढायला सांगणारे असतात, त्याने पेशंट फक्त वैतागतो. जबडा वाजतो पण दुखत नाही, अडकत नाही, तर वाजू द्या.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी चिठ्ठी उलटी पाठवायची असते. ‘मान व जबडा उपचार केले, आराम आहे’ असं लिहिलं तर दंतवैद्याला काहीच कळत नाही. काकूंच्या चिठ्ठीवर मी लिहिलं : ‘न दुखता उघडणं २९ वरून ३८. उजवा एससीएम धरल्यावर गालात ओळखीचं दुखणं येत होतं, ते आता येत नाही. मॅसेटर अजून थोडा दुखरा, घरचे व्यायाम चालू. रात्री दात खातात असं यजमान सांगतात, दातांची झीज एकदा बघावी. कृपया दुसरी दाढ काढण्याचा विचार तूर्त थांबवावा.’